पहिला, तिसरा, दुसरा, चौथा

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने खेळण्यातल्या मोटारीच्या गिअरबॉक्सवर बोलायचं ठरवलं, तेव्हा संयोजकांनी आम्हाला दोनदा फोन केला. पहिल्यांदा विषय नीट ऐकू आला आहे ना, हे विचारायला. दुसऱ्यांदा आमची तब्येत बरी आहे ना, हे विचारायला. (हशा) तब्येत बरी आहे. विषयही तोच आहे.

विंचूरमध्ये बोलायचं म्हणून एक सोय आहे. पुण्यात हा विषय मांडताना आम्हाला आधी गिअर म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखवावं लागलं होतं. इथे समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ट्रॅक्टरची हाय-लो दांडी हातात धरलेली आहे, द्राक्षबागेत ब्लोअर चालवताना पीटीओ टाकलेला आहे, आणि चिखलात एक चाक नुसतं गरगरायला लागल्यावर डिफ लॉक दाबलेला आहे. तेव्हा यंत्राचं प्राथमिक शिक्षण आम्ही गाळतो.

विषय असा. प्लास्टिकचे ठोकळे आणि दांड्या एकमेकांत बसवून हातभर लांबीची स्पोर्ट्‌स मोटार करायची. तिच्या आत खरा चालणारा गिअरबॉक्स असतो, डिफरन्शियल असतं, वरखाली होणारे पिस्टन असतात. आणि जगभरात अशी माणसं आहेत, चांगली पन्नाशीची सुद्धा, जी ही मोटार पुस्तकाप्रमाणे पूर्ण करतात, आणि मग तिचा गिअरबॉक्स उपसून काढून स्वतःच्या मनासारखा पुन्हा घालतात. हे का करतात, याचा इतिहास आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1901 साली भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो. आपल्याकडे त्याच धर्तीचा मेकॅनिक्स आला. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी त्याचा अर्धवट हरवलेला डबा माळ्यावर सापडेल. मेकॅनोत पितळी दातेरी चाकं होती, आणि त्यातून मोटारीची पूर्ण चासी करता येत असे, गिअरसकट.

दुसरी वाट डेन्मार्कमधली. बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली, त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. आजच्या ठोकळ्याचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. नट नाही, बोल्ट नाही, निव्वळ घट्ट बसण्यावर सगळं उभं. 1977 साली या कंपनीने यंत्रांची वेगळी मालिका काढली, तिला पुढे टेक्निक हे नाव मिळालं, आणि त्या पहिल्याच वर्षी तिच्यात मोटारीची उघडी चासी होती. 1980 च्या चासीत डिफरन्शियल आलं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं पाहिजे आणि आतलं कमी, म्हणून फ्रान्सच्या पेकर यांनी 1827 साली ज्याचं पेटंट घेतलं, ते हे यंत्र. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती, वाफेच्या गाडीसाठी ते होतं.

1994 हे वर्ष मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्या वर्षी 8880 क्रमांकाची सुपरकार आली. चारही चाकांना ताकद, चारही चाकांना स्टिअरिंग, चार गतींचा गिअरबॉक्स. आणि त्यासाठी कंपनीने एक नवा भाग घडवला: दांडीवर सरकणारी कडी. तोवर गिअर बदलायचा म्हणजे दातेरी चाकच सरकवून दुसऱ्या चाकाला भिडवायचं. पानार आणि लेव्हासर यांच्या 1890 च्या दशकातल्या गाड्यांमध्ये हेच होतं, आणि तुमच्या जुन्या ट्रॅक्टरमध्येही हेच आहे, म्हणून तर तो थांबवून गिअर टाकावा लागतो. कडीच्या पद्धतीत चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच राहतात, पण दांडीवर मोकळी फिरतात. कडी ज्या चाकाला जाऊन चिकटेल त्याच्याकडूनच ताकद जाते. मोटारींना या वाटेने यायला काही दशकं लागली, खेळण्याने ती त्याहून लवकर चालून टाकली. (हौशी मंडळी या गिअरबॉक्सला ‘सिंक्रोनाइज्ड’ म्हणतात. ते काही खरं नाही. कॅडिलॅकने 1928 साली आणलेल्या सिंक्रोमेशमध्ये दोन्ही भागांचा वेग आधी घर्षणाने जुळवतात, मग दात बसवतात. इथे तसलं काही नाही, नुसते दात दातांत जातात.)

आता एक हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या खेळण्यात भोकांमधलं अंतर 8 मिलिमीटर. दोन दांड्या दोन भोकं अंतरावर, म्हणजे 16 मिलिमीटरवर असतील, तर त्यांच्यावरच्या दोन चाकांच्या दातांची बेरीज 32 च यायला हवी. 8 आणि 24, 12 आणि 20, 16 आणि 16. संपलं. खऱ्या मोटारीचा इंजिनिअर 23 दातांचं चाक मागवू शकतो, इथे ते मिळत नाही. म्हणून ज्याला गिअरबॉक्स बदलायचा आहे त्याला हव्या त्या गती मिळत नाहीत, या तीन जोड्यांच्या उलटसुलट मांडणीतून मिळतील त्या घ्याव्या लागतात. आम्हाला या खेळाची गोडी लागली ती इथे.

2016 साली याच मालिकेत पोर्शे 911 जीटी3 आरएस आली. 2704 तुकडे, स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या दोन पट्ट्या, चार गती. लोकांनी पुस्तकातलं एकेक पान पाळून ती जोडली. पट्टी दाबली की आत टक्‌ असा आवाज होई, गिअर बदले, पिस्टनचा वेग बदले. सगळं ठीक. मग कोणीतरी मोजलं. पुस्तकाप्रमाणे जोडलेल्या मोटारीत गतींचा क्रम येत होता पहिला, तिसरा, दुसरा, चौथा.

इतक्या लोकांनी जोडताना हे पटकन लक्षात का आलं नाही? त्याचं कारण मोठं मजेदार आहे. खऱ्या मोटारीत ताकद इंजिनाकडून चाकाकडे जाते. या मॉडेलमध्ये इंजिन जळत नाही. तुम्ही गाडी जमिनीवर ढकलता, चाकं फिरतात, आणि चाकं पिस्टन फिरवतात. प्रवाह उलटा. पहिल्या गिअरात पिस्टन सर्वांत जोरात, वरच्या गिअरात सर्वांत सावकाश. गाडीचा वेग तुमच्या हाताइतकाच, गिअरचा त्याच्याशी संबंध नाही. मग चूक जाणवणार कुठे? इंजिन ओरडत नाही, चढावर गाडी मरत नाही. वरून नारिंगी पत्रे बसले की आतला क्रम कोणी बघायला जात नाही. हौशी लोकांनी मग गिअरबॉक्स उघडला, कोणत्या चाकांच्या जागा बदलायच्या ते शोधलं, आणि एकमेकांना कळवलं.

आम्ही पस्तीस वर्षं वर्गात प्रामाण्यवाद शिकवला. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? मीमांसक म्हणतात, बाधा येईपर्यंत ज्ञान आपोआप खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही. त्या ज्ञानावर भिस्त ठेवून कृती केली आणि ती सफल झाली, की ते खरं ठरतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे पाणी होतं. याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. आम्ही नेहमी नैयायिकांच्या बाजूने बोलत आलो. पोर्शेची गोष्ट वाचली आणि जरा गप्प बसलो. इथे कृती तर सफल झालीच होती! पट्टी दाबली, गिअर बदलला. फक्त ‘कितवा गिअर’ हा प्रश्न त्या कृतीने विचारलेलाच नव्हता. जे विचारलं नाही त्याचा निकाल कसा लागणार? न्यायशास्त्रात याला उत्तर नाही असं नव्हे, पण आम्ही वर्गात ते कधी इतक्या खोलात जाऊन दिलं नाही, हे कबूल करतो.

आता आमच्या घरातली गोष्ट. नातू अकरा वर्षांचा, पुण्याला असतो. दिवाळीला इथे आला तो अशीच एक मोटार घेऊन. वेगळी मोटार, आणि तिची किंमत किती क्विंटल कांद्याची होते ते आज विचारू नका. आम्ही दोघांनी आठ दिवस ती जोडली. शेवटी चाकं फिरेनात. नातू रडवेला झाला आणि म्हणाला, “आजोबा, पुस्तकच चुकलंय.” पोर्शेची गोष्ट त्याला आम्हीच सांगितली होती, त्याची ही फळं. पुस्तक चुकलं नव्हतं. आमच्या बोटांना आता जोर कळत नाही; एक बुश आम्ही इतकं दाबून बसवलं होतं की दांडी आवळली गेली होती. ते सोडवायला दीडएकशे तुकडे काढावे लागले. मग त्याने टायरवर खडूची खूण केली, चाक दहा वेळा फिरवलं आणि पिस्टन मोजले, चारही गिअरांत. क्रम बरोबर निघाला. त्याचा चेहरा पडला. चूक सापडायला हवी होती त्याला!

म्हणून मग त्याने स्वतःच बदल काढला. इंजिनाच्या जागी छोटी विजेची मोटर बसवायची, म्हणजे ताकद खऱ्या गाडीसारखी पुढून मागे जाईल. मोटर गाडीला ओढेना, म्हणून 8 आणि 24 ची जोडी मोटरला लागूनच घातली. वेग एक तृतीयांश, जोर तिप्पट. गाडी हलली, पण गिअरबॉक्समधली कडी टकटक करत सुटू लागली, आणि मागे जाणारी लांब दांडी डोळ्यांदेखत पिळवटली.

आमच्या शेजारी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करणारे मिस्त्री राहतात. ते चहाला आले होते. त्यांनी गाडी उचलून खालून बघितली, आणि म्हणाले, “सर, रिडक्शन मागं न्या, चाकापाशी. इथं घेतलं तर सगळा लोड बॉक्सवर न्‌ शाफ्टवर येतोय. ट्रॅक्टरचं बघा की, शेवटचा कट कुठं असतो?” खरंच की. ट्रॅक्टरचं शेवटचं रिडक्शन मागच्या एक्सलात असतं. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांनी जोराने फिरायचं पण हलकं ओझं वाहायचं; जड ओझं शेवटच्या टप्प्याला. नातवाने जोडी मागे नेली. कडी सुटायची थांबली, दांडी सरळ राहिली. आवाज मात्र वाढला, कारण आतली सगळी चाकं आता तिप्पट वेगाने फिरत होती. मिस्त्री म्हणाले, “तेवढं चालायचंच.”

मिस्त्रींनी असलं खेळणं आधी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकही उघडलं नाही. पुण्यात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांना सांगाडे करायला शिकवले, त्यांनाही हे मिस्त्री आवडले असते.

2018 साली लेगोने बुगाटी शिरॉन चक्क खऱ्या आकारात केली, दहा लाखांवर तुकडे, वजन दीड टन, आत 2304 खेळण्यातल्या मोटरी. ती माणूस घेऊन चालली, ताशी 20 किलोमीटरच्या थोडं वर. नातवाने तिची चित्रफीत मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “इतक्या मोटरी एकाच शाफ्टवर गोळा कशा केल्या?” नातवाला सांगता आलं नाही. आम्हालाही नाही.

मोटार इथे टेबलावर आणलेली आहे. बाजूचे पत्रे काढलेले आहेत, चाकावर खडूची खूण आहे. चहा व्हायला दहा मिनिटं आहेत, ज्यांना मोजायचं आहे त्यांनी पुढे यावं. एकच विनंती, चाक सावकाश फिरवा. मिस्त्री मागच्या रांगेत बसले आहेत, प्रश्न त्यांना विचारावेत.