एकाच दिवशी संपलेली मुदत



आपल्या मंडळाची वर्गणी ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये सभासद झालेल्याची आणि फेब्रुवारीत झालेल्याचीही. फेब्रुवारीवाला कुरकुरतो आणि त्याचे चुकत नाही. खजिनदाराला मात्र एकच यादी आणि एकच स्मरणपत्र पुरते. काही वर्षे ती वही मीही सांभाळली. सर्वांची मुदत एकाच दिवशी संपणे ही केवळ हिशेबाची सोय, असे तेव्हा वाटे. आमोण्याच्या अलीकडच्या इतिहासाने ते मत बदलले.

आमोणे मांडवीच्या काठी. डिचोली तालुक्यातले खनिज ट्रकने नदीवर यायचे आणि बार्जमध्ये भरून मुरगाव बंदराकडे जायचे. या खाणींचे मूळ हक्क पोर्तुगीज अमलातले. १९०६ च्या वसाहती खाण कायद्याखाली मिळालेल्या कन्सेशनला मुदत नसे. अटी पाळल्या आणि सरकारदेणे भरले की हक्क चालू. त्यामुळे नूतनीकरण हा शब्दच कोणाच्या तोंडी नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे संसदेने १९८७ साली कायदा करून ही कन्सेशन्स रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासून ती लीज होती असे ठरवले. कायद्याला २३ मे १९८७ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि लीजची मुदत तिथून सहा महिने, म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत धरली गेली. कोणाचे कन्सेशन जुने, कोणाचे अगदी शेवटच्या काळातले. आता सर्वांची अखेर एकाच तारखेला आली. पहिले नूतनीकरण जास्तीत जास्त वीस वर्षांचे. म्हणजे पुढची तारीखही सर्वांची एकच: २२ नोव्हेंबर २००७.

दुसरे नूतनीकरण आपोआप मिळणारे नव्हते. ते खनिज विकासाच्या हिताचे आहे, असे सरकारचे मत हवे आणि त्याची कारणे लेखी नोंदवलेली हवीत, अशी तेव्हाच्या कायद्याची अट होती. अर्ज गेले. निर्णय लागेपर्यंत मुदत वाढली असे समजून खाणी चालू राहिल्या. चीनच्या मागणीने भाव चढले होते. आमच्याकडे अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, ते याच वर्षांत.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की अर्ज पडून असताना आपोआप मिळणारी मुदतवाढ दुसऱ्या नूतनीकरणाला लागू नाही. २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा. त्यानंतर ८८ लीजचे नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केले आणि १५ मार्चपर्यंतच काम करू दिले.

माझा दवाखाना या साऱ्याचा साक्षीदार. खाणी जोरात होत्या तेव्हा खोकल्याचे रुग्ण धूळ सांगत. मुलांच्या शाळेच्या गणवेशावरही ती लाल धूळ असे. खाणी बंद पडल्यावर तीच माणसे झोप लागत नाही म्हणून येऊ लागली. हप्ते थकलेला ट्रकमालक, बार्जवरचा खलाशी, नाक्यावरचा चहावाला. कोणाच्याही नावावर लीज नव्हते. मुदत दुसऱ्याची संपली आणि घर यांचे थांबले. धूळ थांबली हे चांगलेच झाले, असे त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ वळली नाही.

आता तुलना पाहा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्याला मताचा अधिकार नाही. म्हणजे मंडळात तारीख सर्वांची एक असली, तरी चुकणारा एकटा चुकतो; बाकीचे मंडळ चालते. खाणींच्या बाबतीत तारीखही एक आणि निर्णय देणारा हातही एक. तो वेळेत चालला नाही, तेव्हा सारे खोरे एकदम अडले.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने, पन्नास वर्षांसाठी दिले जातात. गोव्यातले पहिले लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाले, त्यांत डिचोलीचा गट होता. ज्या दिवशी ज्याचे लीज सुरू, तिथून त्याची मुदत. पुन्हा सगळे एका दिवसावर येऊन आदळण्याचा धोका त्याने कमी झाला.

एक तारीख मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जैन घरांत दिवाळीला वीर निर्वाण संवत बदलतो, व्यापारी नवी वही पुजतात आणि जुन्या वह्या एकाच वेळी मिटतात. पण जाणता व्यापारी येणेदेणे दसऱ्यापासूनच पाहू लागतो. पूजेच्या संध्याकाळी वहीला गंध लावणे तेवढे उरते.

म्हणून मंडळाच्या खजिनदारांना या वयात एकच सांगणे: ३१ मार्चची यादी जानेवारीत काढा. आणि ज्याची वर्गणी थकली असेल, त्याला पत्र धाडण्याआधी त्याच्या घरी जाऊन या.