वनस्पतिशास्त्राकडून बँकिंग कायद्याकडे

साहित्याचे अभ्यासक चिंतामणराव देशमुखांना ओळखतात ते ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक म्हणून, इतरांना आठवतो १९५६ चा राजीनामा. वकिलाच्या या मुलाने केंब्रिजला, १९१७ साली, वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले होते, हे सहसा सांगितले जात नाही. पुढच्याच वर्षी आयसीएसला पहिले आले आणि प्रयोगशाळा सुटली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४९ मध्ये, बँकिंग कंपनी कायदा अमलात आला: परवाना बंधनकारक झाला, बँकांचे दप्तर तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आला. बुडत्या बँकांच्या ठेवीदारांना राजीनाम्याहून हेच मोलाचे, असे मला वाटते. सहकारी बँका मात्र १९६६ पर्यंत या कायद्याबाहेरच राहिल्या.