गाण्याचं खातं

बँकेत खातं उघडायचं म्हणजे फॉर्म भरावा लागतो आणि त्या फॉर्मवर 'व्यवसाय' नावाचा एक रकाना असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन-चार शाखांच्या काउंटरवर बसून मी आजवर वीस वर्षं हा रकाना वाचत आलो आहे. त्यात शेती वाचली, नोकरी वाचली, किराणा, शिलाई, पानठेला वाचला. इतकंच काय, एका सद्गृहस्थांनी 'समाजसेवा' असं लिहिलेलं वाचलं आणि त्यांच्या खात्यातली शिल्लक पाहून समाजसेवेबद्दलचा माझा आदर दुणावला. पण 'गीतकार' हा शब्द त्या रकान्यात मला कधी दिसला नाही. गाणी मात्र सकाळी दूधवाल्याच्या खिशातल्या मोबाइलपासून रात्रीच्या वरातीपर्यंत ऐकू येतात. म्हणजे माल बाजारात आहे, गिऱ्हाईक आहे, फक्त उत्पादकाचा पत्ता नाही. कॉमर्सच्या पदवीधराला ही गोष्ट अस्वस्थ करणारच.

तरीही मी ती मनावर घेतली नसती. पण हा रकाना भरायला आमच्याच घरातला एक उमेदवार निघाला. माझा भाचा दारव्ह्याकडे एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस, आणि त्या कापसावर सोसायटीचं कर्ज. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे या पोराचा पगार. एक दिवस बहिणीचा फोन आला, "दादा, पोट्टं नौकरी सोडतो म्हन्ते अन् गाने लिवतो म्हन्ते. तूच समजाव बाप्पा याले!" पोट्ट्यानं फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "मामा, गाण्यावर पोट भरते का नाई, इतकंच सांगा."

आता हा प्रश्न भावनेनं सोडवण्याचा नाही. बँकेत कुणी कर्ज मागायला आलं की आम्ही त्याच्या धंद्याची मागच्या तीन वर्षांची कागदपत्रं मागतो. गीतकारीच्या धंद्याची मी मागच्या दोनशे वर्षांची तपासली.

सुरुवात पेशवाईपासून केली. शाहिरांची ती चलती. दुसरा बाजीराव लावणीचा शौकीन, तेव्हा शाहीर लोक नुसते लोडाला टेकून लावण्या रचत असतील, असा माझा समज होता. पाहतो तो प्रत्येकाचा जोडधंदा हजर! होनाजी शिलारखाने गवळी. त्याच्या फडात गाणारा बाळा कारंजकर वेगळाच माणूस. 'होनाजी बाळा' हा एकच इसम नव्हे, हे जॉइंट अकाउंट आहे. परशराम शिंपी. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. धंदे निवडण्यातला शहाणपणा पाहा. लावणी पडली तरी दूध विकलं जातं, अंगरखे शिवले जातात, आणि पेशवाईत तलवारीला धार लावून घेणारे तर असायचेच. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली, म्हणजे लावणीची सर्वांत मोठी बँकच बुडाली.

त्या शाहिरांनी एक हुशारी मात्र केली होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचं नाव गुंफायचे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हा क्रॉस केलेला चेक. दुसऱ्या कुणी तो वटवायचा म्हटला तरी नाव मूळ मालकाचंच निघतं. ही चाल पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) टिकवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या गिरणीत राबलेल्या या माणसाची भीमगीतं दर १४ एप्रिलला आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांत गायली जातात. गाणारा कुणीही असो, शेवटी 'वामन' येतोच. याउलट सिनेमाचं गाणं म्हणजे बेअरर चेक. ज्याच्या हाती, त्याचं. लोक म्हणतात 'लताचं गाणं', फार तर 'बाबूजींचं गाणं', आणि पुष्कळदा पडद्यावर नुसते ओठ हलवणाऱ्या नटाचं गाणं!

अर्थात नाव टिकलं म्हणजे पैसा टिकला असं नाही. याचा दाखला पठ्ठे बापूराव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ साली रेठरे हरणाक्षला जन्मलेले. घरात कुलकर्णीपणाचं वतन, म्हणजे परमनंट नोकरी आणि तीही वंशपरंपरेनं! आमच्या बँकेत एवढी सोय अजून झालेली नाही. हे वतन आणि ब्राह्मणपण दोन्ही मागे टाकून ते तमाशाच्या फडात गेले. पवळाबरोबरचा त्यांचा फड महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. आपण दोन लाख लावण्या रचल्या, असं ते स्वतः सांगत. एका लावणीला चार आणे धरले तरी हिशेब पन्नास हजार रुपयांवर जातो. प्रत्यक्षात १९४५ साली पुण्यात त्यांचा शेवट झाला तो विपन्नावस्थेत. नोकरी सोडून पूर्णवेळ गाण्याला वाहून घेतलेला हा माणूस. भाच्याची फाइल इथंच बंद करावी, असं मला वाटलं.

पण भाचा बी.कॉम. आहे. तो म्हणाला, "मामा, गदिमा?"

हा बिनतोड सवाल. त्यातून यवतमाळकरांपुढे गदिमांचं नाव काढायचं म्हणजे आपल्याच पाहुण्याचं नाव काढणं. १९७३ चं मराठी साहित्य संमेलन आमच्या यवतमाळला भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. अध्यक्षपदाच्या मानात सिनेमाची गाणी लिहिणाऱ्यालाही वाटा असतो, हे महाराष्ट्रानं आमच्या गावात मान्य केलं. गदिमा मॅट्रिकला नापास झाले होते. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर दर आठवड्याला गीतरामायणातलं नवं गीत लागत असे. अशी छप्पन्न गीतं झाली. बँकेत साप्ताहिक विवरणपत्र वेळेवर पाठवताना आमच्या तोंडाला फेस येतो. इथं माणूस दर आठवड्याला रामायण पाठवत होता!

पण ताळेबंद नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. गदिमा नुसती गाणी लिहीत नव्हते. ते कथा लिहीत, पटकथा लिहीत, संवाद लिहीत, आणि कमी पडलं तर स्वतः तोंडाला रंग लावून भूमिकाही करत. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची (१९५७) कथा त्यांचीच. शिवाय १९६२ पासून बारा वर्षं विधान परिषदेचे आमदार. म्हणजे लोकांना गाण्याचं दुकान दिसतं. आत गोदामात इतर माल खच्चून भरलेला!

इतरांचे व्यवसाय पाहा. जगदीश खेबुडकरांनी सिनेमाला गाण्यांमागून गाणी दिली, पण ते होते शिक्षक. शान्ता शेळके प्राध्यापक. आमच्या नागपूरच्या हिस्लॉपमध्येही त्यांनी शिकवलं. पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. आणि खुद्द यवतमाळात भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) होतेच. मराठी शायरीला त्यांनी मैफलीत मानाचा पाट दिला. पण धंदा वकिली. अशिलाकडून फी घ्यायची आणि श्रोत्यांकडून दाद, ही दोन खाती त्यांनी एकमेकांत मिसळली नाहीत.

असं का व्हावं? याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. गीतकार हा गाण्याच्या बाजारातला कापूस उत्पादक आहे. बोंडं याची, पण सरकी निघते जिनिंगमध्ये, सूत गिरणीत, सदरा मुंबईत, आणि सदऱ्याच्या किमतीत बोंडाचा वाटा किती, ते शोधायला भिंग लागतं. कापूसवाल्यासाठी निदान १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना आली. गीतकाराला १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळाला, तो असा : निर्मात्यानं मोबदला देऊन गाणं लिहून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर मालक निर्माता. म्हणजे कापूस एकदा वखारीत पडला की शेतकऱ्यानं मागं वळून पाहायचं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरचे राजा बढे गेले आणि डिसेंबरमध्ये गदिमा गेले. राजाभाऊंचं महाराष्ट्रगीत सरकारनं राज्यगीत म्हणून स्वीकारलं ते २०२३ साली, त्यांच्यामागे शेहेचाळीस वर्षांनी. सरकारी काम आहे, थोडा वेळ लागतोच.

कायदा बदलायला पस्तीस वर्षं गेली. जावेद अख्तर राज्यसभेत होते; त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ साली दुरुस्ती झाली. आता सिनेमागृहात सिनेमाबरोबर गाणं वाजलं तर वेगळं काही नाही. पण रेडिओ, टीव्ही, इंटरनेट असं बाहेर कुठं वापरलं, तर मानधनात गीतकाराचा बरोबरीचा वाटा, आणि हा वाटा त्याला लिहून देतो म्हटलं तरी सोडता येत नाही. आपला भिडस्त स्वभाव कायद्यानं ओळखला, असं देशात क्वचितच घडलं असेल.

एवढी फाइल वाचून मी भाच्याला माझा अहवाल दिला. गाण्यावर घर चालतं. पण ते गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, मांडववाल्याचं आधी चालतं. लिहिणाऱ्याचं चालायचं तर त्यानं गदिमांसारखं चार पिकं घ्यावीत, नाही तर भाऊसाहेबांसारखी वकिली सांभाळावी. पगार हा कवितेचा वैरी नाही. होनाजीच्या गाण्यात पहाट आहे, कारण गवळ्याला पहाटे उठावंच लागतं. तेव्हा जिनिंग सोडू नये. तिथल्या काट्यावर रात्रभर बंड्या लावून बसलेल्या माणसांवर अजून धड गाणं झालेलं नाही. आणि कागदावर सही करण्याआधी तो कागद मामाला दाखवावा.

बहिणीला हा निकाल अर्धाच पटला. पोरानं नोकरी ठेवली, याचा आनंद. गाणी सोडली नाहीत, याची काळजी. मी तिला म्हटलं, "अगं, गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या मागं साठ वर्षं चालतो. गदिमांचा २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. एवढ्या मुदतीची ठेव आमची बँकसुद्धा घेत नाही."

ती म्हणाली, "म्हंजे पैसा याले नाई, नातवाले भेटन?"

"तसं समज."

"मंग आधी याचं लग्न लावून दे," ती म्हणाली. "नॉमिनी तं पाह्यजे ना!"