दत्तक चिमटा

मोटारसायकलचे मागचे चाक ज्याने धरून ठेवलेले असते त्याला पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात, गॅरेजात चिमटा. आम्हा कारकुनांना चिमटा ठाऊक तो पोटाला काढायचा!

पूर्वी मागचे चाक सांगाड्याला घट्ट आवळलेले असे. खड्ड्याचा धक्का थेट मणक्याच्या खात्यावर जमा. 1949 ची रॉयल एनफिल्ड बुलेट हलता चिमटा घेऊन आली आणि 1955 पासून मद्रासेत जुळू लागली. नॉर्टनचा 1950 चा फेदरबेड सांगाडा, मागे हलता चिमटा असलेला, इतका गुणी निघाला की विलायती पोरांनी त्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून 'ट्रायटन' नावाचा आंतरजातीय विवाह लावला. 1987 च्या होंडा आरसी 30 ला तर एकाच बाजूचा चिमटा. तेव्हापासून एका गाडीचा चिमटा दुसरीला दत्तक द्यायची हौस वाढतेच आहे. पनवेलची पोरे तरी मागे कशी राहतील?

पण दत्तकविधान सोपे नाही. आसाचा बोल्ट बसला पाहिजे, रुंदी जुळली पाहिजे, पुढचे-मागचे स्प्रॉकेट एका रेषेत हवे. चिमटा लांब घेतला तर गाडी सरळ झकास पळते, वळताना मात्र रजेच्या अर्जापुढे साहेब कुरकुरतो तशी कुरकुरते.

शिवाय कायदा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 म्हणते, कारखान्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळला पाहिजे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. एमएच 46 च्या पाटीमागे काय दडलेय ते साहेबाला एकवेळ दिसणार नाही. पण कच्चा वेल्डिंगचा टाका कलमे वाचत नाही, वशिला मानत नाही. तो कर्नाळ्याच्या वळणावर सुटला, तर सगळी खाती एकदम बंद!