मिठाची पिवळी ज्योत



मध्यंतरी आमच्या गावात एक शिबिर झालं. मुठीत धातूची दांडी धरायची, की मिनिटभरात कागद हातात: कॅल्शियम कमी, झिंक कमी, लोह कमी. लगेच पुढ्यात महागड्या गोळ्या! आमच्या गटातल्या एका ताईंनी त्यासाठी बचतीतले पैसे उचलले. दुसऱ्या दिवशी त्याच दांडीनं त्यांचं कॅल्शियम भरपूर दाखवलं. म्हणून आज सांगते, मूलद्रव्यं खरोखर ओळखायला माणूस कसा शिकला.

भाजीचं खारट पाणी गॅसवर उतू गेलं की ज्योत पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. तापून वाफ झाली की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतं. १८६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी हा प्रकाश लोलकातून पाहिला. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या दिसल्या, जसे आपल्या अंगठ्याचे ठसे.

पुढं १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण लागलं. मिरजेपलीकडचं जमखंडी आज कर्नाटकात आहे. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. तिथून लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी, तर गुंटूरहून फ्रान्सच्या जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वाळांमधल्या रेघा पाहिल्या. त्यातली पिवळी रेघ आधी सोडियमची वाटली, पण ती निघाली हेलियमची! पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं.

हीच रीत पुढं दवाखान्यात आली. रक्तातला पातळ भाग पाण्यात मिसळून ज्योतीवर फवारायचा आणि रंग किती गडद ते मोजून सोडियम-पोटॅशियम सांगायचं. त्या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणतात. १९६० मध्ये लेसर आला. लेसरचा झोत मुतखड्यावर मारला की टाचणीच्या टोकाएवढा भाग तापून चमकतो आणि त्याच्या रेघांवरून कॅल्शियम, मॅग्नेशियम कळतं. अलाहाबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी मुतखडे आणि पित्ताचे खडे असेच तपासलेत. आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये अजून हे नसतं, पण रीत खरी आहे.

यात सगळीकडं काहीतरी तपासलंय बघा: ज्योत, सूर्याचा प्रकाश, रक्त, खडा. त्या दांडीनं काय तपासलं? काहीच नाही, वय आणि वजन तेवढं आधी विचारून घेतलं होतं.

तेव्हा पुन्हा असं शिबिर आलं, तर आधी विचारा, "नमुना कशाचा घेतला?" उत्तर मिळालं नाही, तर पैसे पदरातच राहू द्या आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. त्या ताईंनीही आता तेच केलंय.