घडीतली पाने : पोथी, फर्मा आणि ग्रंथ

ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्याचा अर्थ काय, हे प्रश्न आपण नेहमी विचारतो. ग्रंथाची पाने एकामागून एक कोणी लावली, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. पान क्रमाने लागलेले नसेल तर उत्तम विचारही वाचकापर्यंत धड पोहोचत नाही. आणि पान ग्रंथात आलेच नाही, तर तो विचार वाचकापुरता नाहीसाच होतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही छापलेल्या कागदाच्या घडीचा, म्हणजेच फर्म्याचा, थोडा इतिहास मांडणार आहोत.

प्रारंभ आपल्या कुडाळ परिसरातूनच करू. कुडाळहून सावंतवाडीच्या दिशेस निघाले की थोड्याच अंतरावर पिंगुळी लागते. तेथील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. या परंपरेचे एक वारसदार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि निवेदक एकेक चित्र समोर धरून कथा गातो. या पोथीला शिवण नाही. तिचा क्रम गाणाऱ्याच्या स्मरणात असतो. संच विस्कटला तर जाणता माणूसच तो पुन्हा लावू शकतो.

ताडपत्रावरील बौद्ध पोथ्यांनाही शिवण नव्हती. पत्रांना भोक पाडून त्यातून दोरी ओवीत व वरखाली फळ्या लावीत. चीनमध्ये डनहुआंग येथे सापडलेले, इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र हे तर कागदाचे तुकडे जोडून केलेली लांब गुंडाळी आहे. पालि बौद्ध वाङ्मय घडीच्या, शिवलेल्या ग्रंथरूपात मोठ्या प्रमाणावर येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. सयामचा राजा चुलालोंगकोर्न याने १८९३ साली पालि त्रिपिटक ३९ बांधीव खंडांत छापून घेतले आणि जगभरच्या ग्रंथालयांना पाठविले. देवनागरीतील पालि त्रिपिटकाचे ४१ खंड भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून १९५६ नंतरच्या काही वर्षांत निघाले. ताडपत्र विहाराच्या पेटीत राहत असे. बांधीव खंड मात्र टपालाने कोणाच्याही हाती जाऊ शकत होता.

महाराष्ट्रात छापील ग्रंथ सुखासुखी स्वीकारला गेला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले. जातीने ते भंडारी. शाईत चरबी असते, म्हणून छापील कागदाला शिवू नये, असे मानणारे लोक तेव्हा होते. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात याची नोंद केली आहे. सुट्या पानांच्या आडव्या पोथ्या छापखाना आल्यावरही बराच काळ निघत राहिल्या. पोथी सोवळ्यात ठेवता येत होती. छापलेले पुस्तक खिळे जुळवणाऱ्याच्या, यंत्र चालवणाऱ्याच्या, घडी घालणाऱ्याच्या आणि शिवणाऱ्याच्या हातांतून जात होते. पुस्तकाच्या पाठीला लागणारा सरस तर जनावरांच्या कातड्याहाडांपासूनच तयार होई. इतक्या हातांतून गेलेली वस्तू सोवळ्यात कशी राहणार? ज्ञानाभोवतीची स्पर्शास्पर्शाची भिंत प्रथम जेथे फुटली, त्यांपैकी एक जागा छापखाना ही होय, असे आम्हांस वाटते.

आता घडीचे शास्त्र पाहू. वाचकांनी एक कोरा कागद घ्यावा आणि त्याला एकावर एक अशा तीन घड्या घालाव्यात. आठ पत्रे, म्हणजे सोळा पृष्ठे तयार होतील. कागद न फाडता, कोपरे उचलून प्रत्येक पृष्ठावर १ पासून १६ पर्यंत आकडे घालावेत आणि मग कागद उलगडावा. एका बाजूस १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ हे आकडे दिसतील. उरलेले दुसऱ्या बाजूस. काही सुलटे असतील, काही उलटे. पाठीच्या घडीवर एकाशेजारी एक येणाऱ्या पृष्ठांची बेरीज दर वेळी १७ येईल : १ जवळ १६, ४ जवळ १३, ५ जवळ १२, ८ जवळ ९. वाचताना जी पाने शेजारी असतात ती मोठ्या कागदावर दूर पडतात; आणि पहिले पान शेवटच्या पानाला खेटून बसते.

छापखान्यातील कामगार जुळवलेली पाने याच हिशोबाने लोखंडी चौकटीत मांडीत आणि पाचरी ठोकून घट्ट बसवीत. खिळ्यांवर अक्षर उलटे असते, म्हणून ही सारी मांडणीही डावीउजवीकडे उलटी करावी लागे. एक पान चुकीच्या जागी बसले, तर हजार प्रतींत ते चुकीच्याच जागी छापले जाई. छापील कागदाची घडी झाली की तिला फर्मा म्हणत. फर्मे क्रमाने एकावर एक रचायचे, मधल्या घडीतून दोरा ओवून शिवायचे, मग पाठीला सरस आणि वर पुठ्ठा. देवनागरीला जोडाक्षरे व मात्रांमुळे शेकडो प्रकारचे खिळे लागतात. लहान छापखान्यात संपूर्ण ग्रंथ पुरेल इतके खिळे नसत. म्हणून एक फर्मा छापायचा, खिळे सोडवून घरांत परत टाकायचे आणि पुढचा जुळवायचा. सुटलेला फर्मा पुन्हा दुरुस्त होत नसे. त्यासाठीच शेवटी शुद्धिपत्र जोडावे लागे.

हे शास्त्र ध्यानात घेतले की आपल्या चळवळीच्या मुद्रणाचा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसतो. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी आणि ‘प्रबुद्ध भारत’ ४ फेब्रुवारी १९५६ रोजी. चळवळीचा स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा राहिला. पुढे तो बुद्धभूषण झाला. परंतु पत्राचा अंक म्हणजे शिवणीविना दुमडलेला कागद. वाचून झाला की तो हातोहात जातो, भिजतो, हरवतो. ज्या घरांत कपाट नव्हते त्या घरांत अंक टिकणार कसे? ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक १९९० साली महाराष्ट्र शासनाने बांधीव खंडरूपात काढले, तेव्हा कोठे सामान्य वाचकाला ते सलग वाचता आले.

याहून मोठी गोष्ट ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची आहे. महापरिनिर्वाणाच्या आदल्या रात्री, ५ डिसेंबर १९५६ रोजी, पूज्य बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या प्रास्ताविक मजकुराची टंकलिखिते जवळ मागवून घेतली होती, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. परंतु बाबासाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. ती १९८० साली भगवान दास यांनी प्रकाशात आणली. मधली २३ वर्षे वाचकाने ग्रंथ प्रस्तावनेविनाच वाचला. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब बुद्धाकडे कसे वळले हे त्यांच्याच शब्दांत आहे आणि साहाय्य करणाऱ्यांचे ऋणही त्यांनी मानले आहे.

येथे मुद्रणाचा एक नियम सांगितला पाहिजे. प्रस्तावना, अनुक्रमणिका इत्यादी आरंभीची पाने बहुधा शेवटी छापतात आणि त्यांचे पृष्ठांक वेगळे असतात. त्यामुळे त्यांत भर घातली अथवा काही गाळले, तरी मुख्य ग्रंथाचा क्रम तसूभरही हलत नाही. नेमक्या याच कारणामुळे प्रस्तावना गाळली गेली तर ग्रंथाच्या अंगावर व्रण दिसत नाही. मधले पान फाटले तर वाचकाला कळते. आरंभीचा मजकूर आलाच नाही, तर कळत नाही. त्यासाठी दुसरी साक्ष शोधावी लागते.

ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाही. २५ जून २०१६ रोजी दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बुद्धभूषण छापखान्याची वास्तूही गेली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाच्या रखडलेल्या छपाईची वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीनुसार ९ लाख प्रती छापायचे ठरले असता सुमारे ३३ हजारच छापल्या गेल्या होत्या आणि खरेदी केलेला कागद गोदामात पडून होता. घडी न पडलेला कागद म्हणजे ग्रंथ नव्हे.

आपल्या किनाऱ्यावरच्या पावसात पुस्तकाला ओल, कसर आणि वाळवी हे तिन्ही शत्रू आहेत. म्हणून विहारांतील ग्रंथपालांना आमची विनंती आहे. हाती आलेल्या खंडाची पाठ वरून पाहावी. फर्म्यांच्या गोलसर घड्या आणि त्यांतून दोरा दिसला, तर बांधणी दुरुस्त होऊ शकते. पाठ कापून नुसत्या चिकटद्रव्याने पाने जोडलेली असतील, तर तो खंड दमट हवेपासून विशेष जपावा. सोळा पानी फर्म्याच्या पुस्तकात नवा फर्मा १७, ३३, ४९ या पृष्ठांवर सुरू होतो. ३२ नंतर एकदम ४९ आले, तर एक पूर्ण फर्मा नाही असे समजावे. ३-४ चे पत्र फाटले असेल, तर १३-१४ चे पत्रही लवकरच सुटेल, कारण ती दोन्ही एकाच कागदाची आहेत. आणि आरंभीची पाने दोन आवृत्त्या शेजारी ठेवून अवश्य ताडून पाहावीत. अखंड ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती देणे हे धम्माच्या अभ्यासाचेच काम आहे.