मुलांच्या नावडीवर घरच्या पास्त्याचा उतारा

पास्ता म्हटले की इटली आठवते. पण पीठ मळून, त्याला हाताने आकार देऊन ते पाण्यात शिजवण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. बारामती-इंदापूरच्या जिराईत भागातील घरांत हुलग्याच्या पिठाची शेंगोळी लसणाच्या फोडणीत रटरटत असतात. चकोल्या, म्हणजेच वरणफळे, हा त्यातलाच सौम्य प्रकार. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे गव्हले व नखुले तर रव्याचेच. गव्हले नावाप्रमाणे गव्हाच्या दाण्याएवढे, तर इटलीतील 'ओर्झो' या बारीक पास्त्याच्या नावाचा अर्थ जव! तेव्हा मुले पास्त्याचा हट्ट धरतात म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. पाकिटातील मैद्याच्या पास्त्याऐवजी तो घरी कसा करावा, एवढाच प्रश्न उरतो.

खऱ्या पास्त्याला लागतो ड्युरम गहू. महाराष्ट्रात त्याला बक्षी किंवा बन्सी म्हणतात. दाणा कठीण व पिवळसर असल्याने त्याचा रवा शिजला तरी लगदा होत नाही. या गव्हाचे बारामतीशी जवळचे नाते आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे संशोधन प्रक्षेत्र बारामती तालुक्यातील होळ येथे आहे. १९४६ मध्ये 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या नावाने सुरू झालेल्या या संस्थेच्या गव्हाच्या वाणांना आजही त्याच नावाच्या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यांपैकी 'एमएसीएस ४०२८' हा बक्षी वाण असून त्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के आहेत. कोरडवाहू शेतीसाठी तो काढला गेला. बक्षी रवा न मिळाल्यास साधा बारीक रवा व कणीक निम्मी-निम्मी घ्यावी. पास्ता थोडा मऊ होईल, इतकेच.

चौघांसाठी दोन वाट्या बारीक रवा, चिमूटभर मीठ व चमचाभर तेल एकत्र करून कोमट पाण्याने पुरीच्या कणकेइतके घट्ट मळावे. पाणी पाऊण वाटीच्या आसपास लागते; पण रव्यागणिक ते बदलते, म्हणून थोडे थोडे घालावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे. या वेळात रवा पाणी शोषतो आणि चिवटपणा येतो; घाई केली तर आकार देताना कडा फाटतात.

यापुढचे काम मुलांकडे सोपवावे, आणि या पदार्थाची खरी गंमत इथेच आहे. पिठाची बोटाएवढी जाड वळी करून तिचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबत पुढे सरकवला की तो आपोआप शिंपल्यासारखा वळतो व त्यावर रेघा उमटतात. रस्सा याच रेघांत धरला जातो. एखादा शिंपला वेडावाकडा झाला तर झाला. तो मोडून पुन्हा करायला लावू नये.

रश्श्यासाठी पाच-सहा पिकलेले टोमॅटो, लाल भोपळ्याची मोठी फोड, एक गाजर व चार लसूणपाकळ्या वाफवून मिक्सरमधून काढाव्यात आणि तेलावर परताव्यात. भोपळ्याच्या गोडीने टोमॅटोचा आंबटपणा मोडतो. मात्र भाजी लपवून मुलाला फसवण्याचा डाव वरचेवर खेळू नये. भोपळा घातला आहे हे त्याला सरळ सांगावे.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून मीठ घालावे व शिंपले त्यात सोडावेत. ते वर तरंगू लागल्यावर आणखी तीन-चार मिनिटांनी एक चाखून पाहावा. मध्ये कोरडे पीठ लागू नये. उपसण्यापूर्वी वाटीभर पाणी बाजूला काढावे. त्यातील पिठूळपणामुळे रस्सा दाटसर होऊन पास्त्याला चिकटतो. वर किसलेले चीज घालावे.

आता न खाणाऱ्या मुलाविषयी. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी बालआहाराच्या क्षेत्रात बरीच मान्यता पावली आहे. काय, केव्हा व कोठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. नवा पदार्थ अंगवळणी पडायला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, समोर यावा लागतो. त्यामुळे पहिल्या नकाराने नाउमेद होऊन लगेच दुसरे काही करून देऊ नये. ताटात पास्त्याबरोबर मुलाच्या आवडीची एक तरी वस्तू, दहीभात किंवा काकडी, असू द्यावी, म्हणजे ते उपाशी उठत नाही. वजन वाढत नसेल किंवा मूल मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पास्ता रुळला की पाव हिस्सा रव्याच्या जागी हुलग्याचे पीठ घालून पाहावे. त्याला स्वतःचा चिवटपणा नसल्याने प्रमाण याहून वाढवू नये, नाहीतर शिंपले पाण्यात विरघळतात. रंग काळपट येतो आणि चवीला लसूण थोडा जास्त लागतो.